दिवाळीच्या पुरवणीतलं 'शुभ' शब्दकोडं कसं सोडवायचं

दिवाळीच्या आसपास पेपरच्या पुरवणीत एक मोठं शब्दकोडं येतं, रोजच्यापेक्षा मोठं, वर कंदिलाचं नाहीतर पणतीचं चित्र, आणि नाव काहीतरी 'शुभशकुन', 'शुभ लाभ', 'साडेतीन मुहूर्त' असं. रोजचं छोटं कोडं सोडवणारे सुद्धा यात अडकतात आणि अर्धं सोडून देतात, मला फार वाईट वाटतं बघून, कारण खरं तर हे कोडं रोजच्यापेक्षा सोपं असतं. रोजच्या कोड्यात नदी, राजा, फळ, नट, काहीही येऊ शकतं, इथे निम्मी उत्तरं एकाच घरातली असतात. फक्त ती एकाच घरातली असल्यामुळे एकमेकांसारखी दिसतात आणि तिथेच माणूस चुकतो. म्हणून मी गेली बरीच वर्षं ज्या पद्धतीने सोडवते ती सगळी इथे सांगते.

आधी तयारी. पेन्सिल आणि खोडरबर, पेन नको. पुरवणीचा कागद पातळ असतो, दोनदा खोडलं की फाटतो, त्यामुळे मी सरळ झेरॉक्स काढते, मोठी करून. घरात दोघं-तिघं सोडवणारे असतील तर प्रत्येकाला एक, नाहीतर भांडणं होतात, आमच्याकडे झालेली आहेत.

मग सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी नव्या माणसाला कोणी सांगतच नाही: एका घरात एक अक्षर, म्हणजे काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वार सगळं धरून एक. जोडाक्षर कितीही मोठं असो, घर एकच. 'कुंकू' दोन घरांचं, कुं-कू. 'स्वस्तिक' तीन घरांचं, स्व-स्ति-क. 'अक्षता' पण तीन, क्ष ला वेगळं घर नाही. आणि रफार नेहमी पुढच्या अक्षराबरोबर जातो, म्हणजे 'मुहूर्त' हे मु-हू-र्त असं तीन, आणि 'दुर्दैव' हे दु-र्दै-व असं तीनच. नवीन माणूस 'दुर् दै व' असं मनात म्हणतो आणि र ला घर शोधत बसतो. 'सुदैव' पण तीन आणि 'दुर्दैव' पण तीन, एक नशिबाने दिलेलं आणि एक नशिबाने काढून घेतलेलं, दोघांची घरं सारखी, आणि शेवटचं व पण सारखं. कोडं बनवणाऱ्याला अशा जोड्या फार आवडतात.

आता कोड्याचं नाव वाचा आणि क्लू वाचायच्या आधीच समासात, म्हणजे कागदाच्या कडेच्या कोऱ्या जागेत, शब्द लिहून काढा. हो, क्लू न वाचता. पाच मिनिटं लागतात. सण आणि शुभ म्हटलं की जे जे आठवतं ते, पण अर्थाप्रमाणे नाही, घरांच्या संख्येप्रमाणे लिहायचं. दोनचे एकीकडे: शुभ, लाभ, गुढी, शमी, सोने, भाग्य, दैव, यश, ओटी, खण, वाण, कौल, तिथी. तीनचे: दसरा, पाडवा, दिवाळी, तोरण, कलश, नारळ, श्रीफळ, आपटा, शकुन, नशीब, नवस, औक्षण, रांगोळी. चारचे: भाऊबीज, दीपावली, पायगुण, केरसुणी, कडुनिंब, योगायोग. पाचचे: वसुबारस, लक्ष्मीपूजन, गुढीपाडवा, सीमोल्लंघन, अपशकुन. हे लिहिलं की अर्धं काम झालं, कारण मग क्लू वाचताना डोकं खाजवायचं नसतं, यादीत बघायचं असतं.

आणि सहाच्या रांगेत गंमत दिसते. साडेतीन मुहूर्त घ्या: गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, विजयादशमी हे तीन पूर्ण आणि दिवाळीतली बलिप्रतिपदा अर्धा, असं आपण ऐकत आलो (काही ठिकाणी अक्षय्य तृतीयेला अर्धा धरतात, तो वाद कोड्यात पण घुसतो). आता मोजा. वि-ज-या-द-श-मी, सहा. अ-क्ष-य्य-तृ-ती-या, सहा. ब-लि-प्र-ति-प-दा, सहा. धनत्रयोदशी मुहूर्तांत नाही पण दिवाळीतली आहे, ध-न-त्र-यो-द-शी, ती पण सहा! आणि गुढीपाडव्याला कोड्यात 'चैत्र प्रतिपदा' म्हटलं तर चै-त्र-प्र-ति-प-दा, पुन्हा सहा, आणि त्यातली शेवटची चार घरं बलिप्रतिपदेशी जशीच्या तशी जुळतात. म्हणजे 'साडेतीन मुहूर्तांपैकी एक (६)' असा क्लू आला आणि तुम्ही आठवला तो लिहून टाकला तर चुकायची शक्यता बरोबर येण्यापेक्षा जास्त आहे. मोठा शब्द चुकला की त्याला कापणारे सगळे उभे शब्द चुकतात, आणि मग माणूस म्हणतो कोडंच चुकीचं छापलंय.

म्हणून माझा नियम असा आहे की सणाच्या कोड्यात सगळ्यात लांब शब्दापासून सुरुवात करायची नाही. इंग्रजी कोडी सोडवणारे उलट सांगतात, त्यांचं त्यांच्यासाठी बरोबर असेल, पण आपल्याकडे सणांची लांब नावं एका साच्यातली आहेत, सगळ्या तिथ्याच ना त्या, कुठे 'दशी' येतं कुठे 'प्रतिपदा'. सुरुवात करायची अशा शब्दापासून ज्याला त्या संख्येत दुसरा पर्याय सुचत नाही.

हे नुसतं सांगून कळत नाही म्हणून एक छोटा कोपरा मी स्वतः मांडलाय, सोबत करून बघा. सहा घरं रुंद, चार ओळी खोल.

आडवे १: साडेतीन मुहूर्तांतला एक, व्यापाऱ्याची नवी वही उघडते (६)
आडवे ४: गुढीच्या टोकावर पालथा, पूजेच्या चौरंगावर सुलटा (३)
आडवे ५: बाळाच्या गालावर काळी, पण नजर अडवणारी (२)
उभे १: धंद्याला, धान्याला आली की घर भरतं (४)
उभे २: दिव्याकडून मिळतो (३)
उभे ३: मातीची, पण संध्याकाळी दारात हीच हवी (३)

उभे १, २, ३ हे आडवे १ च्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या घरातून खाली उतरतात. आडवे ४ तिसऱ्या ओळीत डावीकडून सुरू होतो, आडवे ५ त्याच ओळीत पाचव्या घरापासून.

आडवे १ वाचून हात शिवशिवतो, पण थांबायचं. आधी उभे १ घ्या. घर भरतं असं काय येतं? लक्ष्मी, पण ती दोन घरांची. संपत्ती, समृद्धी, सुबत्ता तिन्ही तीनचे. भरभराट पाचचा. चारचा कुठला? बरकत. अरबीतून आलेला शब्द पण शेतकऱ्याच्या खळ्यावर पक्का रुजलेला. माझे आजोबा धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचे नाहीत, 'लाभ' म्हणायचे, मग दोन, तीन, आणि मध्ये कोणी बोललं तर रागवायचे, बरकत जाते म्हणून. अशा शब्दाला चार घरांत मला तरी दुसरा पर्याय सुचत नाही, म्हणून तो आधी लिहायचा. ब-र-क-त.

आता आडवे १ ची सुरुवात ब ने. सहाच्या यादीत ब ने सुरू होणारी एकच, बलिप्रतिपदा. आणि क्लू पण जुळतो, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला व्यापाऱ्यांचं नवं वर्ष, विक्रम संवत बदलतं, नव्या वह्या सुरू होतात. दुसऱ्या घराला, म्हणजे लि ला, खाली उभा शब्दच नाहीये, त्यामुळे बलिप्रतिपदा की चैत्रप्रतिपदा हे ठरवायला पहिलं एकच घर होतं, ते बरकतने दिलं. लगेच लिहिलं असतं तर?

मग उभे २. दिव्याकडून मिळतो तो उजेड, आणि प्रकाश पण. दोन्ही तीन घरांचे, दोन्ही 'तो'. क्लूकडे बघून ठरत नाही, पण वरून प्र आलाय, झालं, प्रकाश. उभे ३ वरून प आलाय, मातीची, दारात, पणती.

आडवे ४ माझा आवडता आहे. गुढीच्या टोकावर पालथा काय असतो? तांब्या. गडू. दोन्ही दोन घरांचे, इथे तीन हवेत. पहिलं घर क आधीच भरलंय बरकतमधून. टोकावर, क ने सुरू, तीन घरं, म्हटलं की हात आपोआप 'कळस' लिहितो. मी खूप वर्षांपूर्वी एका कोड्यात हेच केलं होतं आणि पेनाने लिहिलं होतं. कळस देवळाचा. पूजेतला, पाणी भरून आंब्याची पानं आणि नारळ ठेवतात तो कलश. शब्द मुळात एकच, पण मराठीत दोघांनी कामं वाटून घेतली आहेत. आणि इथे तपासायला सोपं आहे, शेवटचं घर उभे २ चं पण शेवटचं आहे, कळस लिहिला तर खाली 'प्रकास' होतं. म्हणून क-ल-श.

राहिलं आडवे ५. पणतीचा ती आलाय, दोन घरं, बाळाच्या गालावर. काजळ तीनचा. तीट. आता कोपरा असा दिसतो:

ब लि प्र ति प दा
र ■ का ■ ण ■
क ल श ■ ती ट
त ■ ■ ■ ■ ■

बघा, सहा शब्दांत एकदाच खरं डोकं चालवावं लागलं, बरकतला. बाकीचे अक्षरांनी ओढून आणले.

आता क्लूंबद्दल. मराठी कोड्यात बरेच क्लू सरळ अर्थाचे असतात, 'श्रीफळ (३)' म्हणजे नारळ आणि 'नारळ (३)' म्हणजे श्रीफळ, त्यावर वेळ घालवत नाही. पण सणाच्या विशेष कोड्यात बनवणारा जरा हौसेने बनवतो आणि दोन अर्थांचे शब्द घेतो, आणि मराठीत शुभाशी जोडलेले दोन अर्थांचे शब्द इतके सुंदर आहेत की मला कोड्याचं हेच सगळ्यात आवडतं. 'कपाटाला असतो, ओटीतही असतो (२)', खण. 'कोकणातल्या घराला असते, सवाष्णीची भरतात (२)', ओटी. 'हळदीकुंकवाला लुटतात, बियाण्याच्या दुकानात शेतकरी विचारतो (२)', वाण. 'तुळजापूरची देवी, दुकानदाराची सकाळची पहिली विक्री (३)', भवानी, बाजारात अजून ऐकू येतं की, ताई अजून भवानी झाली नाही, घासाघीस नका करू. 'छपरावर आणि देवळात (२)', कौल. कौल लावणं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोकणात आणि गोव्यात देवाला प्रश्न विचारताना मूर्तीवर कळ्या नाहीतर पाकळ्या चिकटवतात आणि कुठल्या बाजूची आधी पडते त्यावरून देवाचं उत्तर समजतात, सहसा उजवी म्हणजे होकार. निवडणुकीत जनता देते तो कौल पण हाच, त्यामुळे क्लूमध्ये मतदान आलं तरी गोंधळायचं नाही.

असा क्लू ओळखायची खूण म्हणजे मध्ये स्वल्पविराम आणि दोन्हीकडे एकमेकांशी काही संबंध नसलेल्या गोष्टी. कपाट आणि ओटी. देवी आणि दुकान. संबंध शोधत बसू नका, दोन्हीकडे वेगवेगळा विचार करून जो शब्द दोन्ही याद्यांत येतो तो घ्या.

मग म्हणी. 'दसरा सण मोठा, नाही आनंदाला ___ (२)', तोटा, हे कोणीही लिहील. 'दैव देतं आणि ___ नेतं (२)', कर्म. पण कधी कधी म्हण उलटी वापरतात, म्हण देतात आणि अर्थ विचारतात, 'कावळा बसला आणि फांदी तुटली (४)', इथे पक्षी किंवा झाड शोधायचं नाही, योगायोग लिहायचं. बलिप्रतिपदेला म्हणतात ना, इडा पिडा टळो बळीचं राज्य येवो, तेही येतं, 'इडा ___ टळो (२)'. यात पि की पी हे कापणारा शब्दच ठरवतो, कारण म्हणताना आपण पिडा म्हणतो आणि एकटा शब्द लिहिताना पीडा.

उलटापालटीचे क्लू कमी असतात पण असतात. 'लाभ उलटा झाला तरी चांगलाच (२)', भला. 'रवा उलटवला की आठवड्यातून एकदा येतो (२)', वार. घरं उलटी वाचायची, काना-मात्रा आपल्या अक्षराबरोबरच राहतात, एवढं लक्षात ठेवलं की झालं. एक मात्र सांगते, 'राशी' उलटी करून 'शिरा' करणारे क्लू मी पाहिलेत, ते नीट बसत नाहीत, शिऱ्याचा शि ऱ्हस्व आहे.

यावरून शुद्धलेखन, कारण सणाच्या कोड्यात निम्मी अडचण इथलीच असते. काही कोडी बनवणारे ऱ्हस्व-दीर्घ चालवून घेतात, आडव्याला हु आणि उभ्याला हू असं एकाच घरात खपवतात, काही अजिबात नाही. कोड्याखाली सूचना असते ती आधी वाचा. सूचना नसेल तर शुद्ध रूप धरायचं. 'दिवाळी' ऱ्हस्व पण 'दीपावली' दीर्घ. 'मुहूर्त' मध्ये मु ऱ्हस्व, हू दीर्घ, टाइप करताना सगळेच मुहुर्त करतात म्हणून सांगते. 'गूळ' दीर्घ पण 'शकुन' ऱ्हस्व, कारण गूळ आपला मराठी आणि शकुन संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, शेवटच्या अक्षराआधीचा इकार-उकार दीर्घ करायचा नियम संस्कृत शब्दांना लागत नाही. 'कडू' एकटा असताना दीर्घ, 'कडुनिंब' झाला की ऱ्हस्व. 'गुरू' दीर्घ, 'गुरुवार' ऱ्हस्व. 'अमावास्या' आणि 'अमावस्या' दोन्ही चालतात, तिसरं घर पेन्सिलने हलकं लिहून ठेवा. आणि एक फार साधी गोष्ट, आपण बोलतो सोनं, केळं, पोवळं, पण कोड्यात लेखी रूप येतं, सोने, केळे, पोवळे. शेवटचं अक्षर जुळत नसेल तर आधी हे तपासा. एखाद्या जुन्या दिवाळी अंकातलं कोडं हाती लागलं तर आणखी एक, १९६२ च्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले, त्याआधीच्या छपाईत ते असतात, घरांची संख्या बदलत नाही पण अक्षर वेगळं दिसतं.

जुन्या अंकांचा विषय निघाला म्हणून, मराठीत दिवाळी अंकाची सुरुवात १९०९ ची धरतात, मनोरंजन मासिकाचा. आणि जगातलं पहिलं छापील क्रॉसवर्ड २१ डिसेंबर १९१३ ला न्यूयॉर्क वर्ल्ड नावाच्या पेपरमध्ये आलं, आर्थर विन यांनी बनवलेलं, हिऱ्याच्या आकाराचं, रविवारच्या पुरवणीत, ख्रिसमसच्या चार दिवस आधी. म्हणजे कोडं जन्मलंच सणाच्या पुरवणीत. मला हे कळलं तेव्हा खूप आनंद झाला होता.

परत मुद्द्यावर. यादीतल्या शब्दांनी कोड्याचा सांगाडा उभा राहतो पण मधली छोटी घरं भरायला साधेच शब्द असतात, नदी, वार, रवा, ताक. प्रत्येक क्लूमध्ये शुभ शोधू नका. 'पांढरे पेय (२)' म्हणजे ताक किंवा दूध, त्यात काही शकुन नाही. दोन घरांचे शब्द मी नेहमी शेवटी ठेवते, तोवर त्यातलं एक अक्षर आलेलं असतं.

खरी अडचण येते ती शकुनाच्या शब्दांवर, कारण ते आता आपल्या बोलण्यात राहिलेच नाहीत. इथे मी अगदी मनापासून सांगते, फोनवर शोधण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा. आई, आजी, मावशी, आत्या, गावचे काका, कोणीही. पंचांग बघणारं माणूस घरात असेल तर सोनंच. चौघडिया त्यांना तोंडपाठ असतात, अमृत, शुभ, लाभ, चर हे चांगले, उद्वेग, रोग, काळ हे टाळायचे, दिवसाचे आठ चौघडिया, साधारण दीड दीड तासाचे, आणि ही सातही नावं कोड्यात बसायला अगदी सोयीची आहेत. 'गुरुवारी पुष्य नक्षत्र आलं की (६)' याला गुरुपुष्यामृत हे माझ्या सासूबाईंनी भाजी निवडता निवडता सांगितलं, मी तोवर दहा मिनिटं घालवली होती. 'घबाड' हा शब्द मला फक्त अचानक मिळालेला पैसा म्हणून माहीत होता, ते पंचांगातल्या एका शुभ योगाचं पण नाव आहे हे मला कोड्यामुळे कळलं. लक्ष्मीपूजनाला झाडूची पूजा करतात हे माहीत असतं पण कोड्यात 'झाडू' नसतो येत, 'केरसुणी' येते, चार घरं. 'नव्या सुनेचा बघतात (४)' पायगुण, 'वैद्याला असावा लागतो (४)' हातगुण, दोघांची शेवटची दोन घरं सारखी, परत तेच. डोळा लवला तर पुरुषाचा उजवा शुभ आणि बाईचा डावा शुभ, हे आजीला विचारा, क्लूमध्ये 'तिचा' आहे की 'त्याचा' यावर डावा-उजवा ठरतं, आणि घरं पण मोजा, डावा दोनचा, उजवा तीनचा.

दसऱ्याची गोष्ट तर येतेच येते. कौत्साला गुरू वरतंतूंनी चौदा विद्यांचे चौदा कोटी मागितले, तो रघुराजाकडे गेला, रघूने कुबेरावर स्वारीची तयारी केली आणि कुबेराने रातोरात आपट्यावर सोन्याचा पाऊस पाडला. या एका गोष्टीतून कोडं बनवणाऱ्याला पाच शब्द मिळतात, कौत्स (२), वरतंतू (४), रघू (२), कुबेर (३), आपटा (३). आणि शमी वेगळी बरं का, पांडवांनी अज्ञातवासात जाताना शस्त्रं लपवली ती शमीवर. 'दसऱ्याला पूजतात ते झाड (२)' शमी, '(३)' आपटा. संख्या बघूनच लिहायचं.

परदेशात असलेल्यांसाठी थोडंसं, कारण माझी भाची तिकडे इंग्रजी पेपरची नवीन वर्षाची कोडी सोडवते आणि दोघी फोनवर बोलतो तेव्हा फरक कळतो. तिथे एका घरात एक लेटर, मात्रांची भानगड नाही. अमेरिकन कोडं रोजचं पंधरा बाय पंधरा आणि रविवारचं बहुतेक एकवीस बाय एकवीस, आणि काळ्या घरांची नक्षी पेपर उलटा धरला तरी तशीच दिसते, त्यामुळे मुख्य विषयाचे शब्द समोरासमोर, सारख्या लांबीचे असतात. एक सापडला की त्याच्या समोरचा पण विषयातलाच. आपल्याकडे अशी नक्षी असेलच असं नाही. तिथल्या शुभाची यादी पण वेगळी करावी लागते, चार पानांचं क्लोव्हर, घोड्याचा नाल, पक्ष्याचं विशबोन (छातीजवळचं दोन फाट्यांचं हाड), स्पेनमध्ये ३१ डिसेंबरला मध्यरात्री घड्याळाच्या ठोक्यांबरोबर खायची बारा द्राक्षं. नाल आपल्याकडे पण उंबऱ्यावर ठोकतात, तो दोन्हीकडच्या यादीत ठेवा.

शेवटी एखादं घर उरतंच. चार बाजूंनी सगळं भरलंय आणि मध्ये एक रिकामं. तेव्हा क्लूकडे बघणं बंद करा आणि बाराखडी म्हणा, मोठ्याने. 'न _ स' असेल तर नकस, नखस, नगस करत जा, व ला आलात की नवस कानाला लागतो. डोळ्यांनी सापडत नाही ते कानाने सापडतं, कारण हे शब्द आपण वाचण्याआधी ऐकलेले असतात. पहिला फेरा नुसत्या अक्षरांचा, दुसरा काना लावून, तिसरा वेलांट्या लावून. 'श _ न' पहिल्या फेरीत शयन देतो, उकाराच्या फेरीत शकुन, म्हणून पहिला सापडला की थांबू नका, क्लूला लावून बघा. तरीही नाही आलं तर पेपर घडी करून ठेवा आणि फराळाला या, रात्री भांडी आवरताना येतं.

उत्तर पुढच्या अंकात छापून येतं. ते नुसतं बघून टाकून देऊ नका, जे चुकलं तेवढंच एका वहीत लिहा, शब्द, घरं, आणि आपण त्या जागी काय लिहिलं होतं. माझी वही आता बरीच जाड झालीये. शेवटच्या पानावर 'चाष (२)' आहे, दसऱ्याला दिसला की शुभ मानतात तो पक्षी, मी तिथे 'मोर' लिहिला होता आणि उभा शब्द जुळेना. आईला विचारलं तर म्हणाली, अगं तो तारेवर बसतो ना, बसलेला असताना साधाच दिसतो आणि उडाला की पंख निळे होतात, लहानपणी आम्हाला दसऱ्याच्या सकाळी शेताकडे न्यायचे तो बघायला. त्याच्या खाली मी 'भारद्वाज (४)' पण लिहून ठेवलाय, तोही शुभ मानतात आणि आमच्या सोसायटीच्या कुंपणावर येतो, पुढच्या वर्षी कोणीतरी नक्की विचारणार.